हार्डडिस्क जोडायला आलेला माणूस

नोकरीतले बहुतेक गुन्हे आता डोक्यातून गेले. खून विसरलो, दरोडे विसरलो. बाजारात कोणी आडवा येऊन नमस्कार घालतो, साहेब ओळखलं का म्हणतो, आणि ह्याला मी धरला होता का सोडवला होता तेच ध्यानात येत नाही. पण एक साधी चोरी आहे, ती काही जात नाही. माझी मंडळी वारली तेव्हापासून तर ती रोजच समोर येऊन बसते. म्हणून एकदा लिहून टाकतो. नाव कोणाचंच घेणार नाही.

मी सातवी पास. शिपाई म्हणून भरती झालो, सहायक फौजदार होऊन घरी आलो. जन्मात जे काय लिहिलं ते पंचनामे आणि जबाब. हेही तसंच वाटलं तर वाटू द्या.

शेवटची काही वर्षं मी लातूर जिल्ह्यात, भूकंपाच्या पट्ट्यातल्या एका ठाण्याला होतो. तिकडची गावं नव्यानं बसवलेली. सरळ रस्ते, एकसारखी घरं. परका माणूस म्हणतो, काय छान कॉलनी आहे. आत बसून चहा घेतला की कळतं, प्रत्येक घरात कोणी ना कोणी कमी आहे.

एका सकाळी हजेरी चालू असताना अशाच एका गावचे रिटायर मास्तर ठाण्यात आले. उंच, किडकिडीत, आवाज वर्गात असतो तसा. म्हणाले, माझी हार्डडिस्क चोरीला गेली, फिर्याद लिहा. ठाणे अंमलदारानं लिहायला घेतलं. चोरीला गेलेला माल, एक हार्डडिस्क. मग रिवाजाप्रमाणं विचारलं, किंमत किती लावू. मास्तरांनी लिहिलेला कागद आपल्याकडं वळवून वाचला.

"त्यात आमचं जुनं गाव आहे," ते म्हणाले. "लावा किंमत."

मग मी त्यांना आत बसवलं आणि सगळी हकीकत ऐकली. भूकंपात घरं पडली तेव्हा भिंतीवरचे फोटोही गेले, पेटीतलेही गेले. मेलेल्या माणसांचं तोंड कोणाकडंच राहिलं नाही. पितरांच्या पंधरवड्यात लोक फोटोला ताट दाखवतात. ह्या गावात कित्येक घरं नुसत्या भिंतीला ताट दाखवायची. मास्तरांनी पेन्शन सुरू झाल्यावर हेच काम धरलं. गावातली माणसं पूर्वी ज्या ज्या पाहुण्यांच्या लग्नाला गेली होती, त्या पाहुण्यांच्या घरी जायचं, त्यांचे जुने अल्बम मागायचे, आणि घोळक्यात मागं उभं असलेलं आपलं माणूस हुडकायचं. सोलापूर, उमरगा, पुणे, कुठं कुठं गेले. फोटो कॉम्प्युटरात घ्यायचा आणि मूळ फोटो ज्याचा त्याला परत द्यायचा. सगळं काम त्या एका डिस्कवर. दुसरीकडं उतरवून ठेवलेलं नव्हतं. भूकंपाच्या स्मरणाचा दिवस जवळ आला होता. त्या दिवशी प्रत्येक घराच्या हातात एक एक फोटो द्यायचा असं गावात ठरलं होतं. छापायला लातूरला न्यायची म्हणून डिस्क कॉम्प्युटरातून काढून टेबलावर ठेवली, घरात माणसांची ये-जा चालू होती, तेवढ्यात ती गेली.

तपास माझ्याकडं आला. मी मोठ्या साहेबांना म्हणलं, मला कॉम्प्युटरातलं काही कळत नाही. साहेब म्हणाले, तुम्हाला माणसातलं कळतं ना, मग जा.

पहिला संशय गावातल्या एका पुढाऱ्यावर गेला. कार्यक्रमात खुर्ची कुठं ठेवायची ह्यावरून मास्तरांशी त्याचं वाजलं होतं. त्याला बोलावला, बसवला, फिरवून फिरवून विचारलं. तो म्हणाला, "सायेब, मला चोरायचं असतं तर मास्तरचा माईक चोरला असता. त्यो डबा घेऊन काय करू, त्याच्यावर बसू?" माणूस उर्मट होता, पण खोटा नव्हता. खोटा माणूस विनोद करताना आपल्या तोंडाकडं बघत असतो. हा बघत नव्हता. सोडून दिला.

मग ठाण्यातून कॉम्प्युटरच्या दुकानदारांना मोबाईलवर निरोप गेला. लातूर, उदगीर, नांदेड, सगळीकडं. कोणी जुनी हार्डडिस्क विकायला आला तर कळवा. बरेच फोन आले, सगळे फुकट गेले. कार्यक्रम जवळ येत चालला. मास्तर रोज ठाण्याच्या बाकावर येऊन बसायचे. बोलायचे काही नाहीत. ते बसलेले दिसले की आम्हालाच चहा गोड लागायचा नाही.

शेवटी नांदेडहून एका दुकानदाराचा फोन आला. म्हणाला, एक म्हातारा दोनदा येऊन गेला. डिस्क दाखवत नाही, आण म्हणलं तर आणत नाही. कागदावर तिचं तोंड पेन्सिलीनं काढून आणलंय आणि विचारतो, अशा तोंडाची डिस्क जुन्या कॉम्प्युटरला कशी लावायची. मी विचारलं, विकायची म्हणत होता का.

"नाही साहेब. विकायला नाही, जोडायला आलाय."

इतकी वर्षं चोरांच्या मागं फिरलो. चोर माल विकतो, गहाण टाकतो, भ्याला तर विहिरीत फेकतो. चोरीचा माल घरात जोडून चालवायला बघणारा माझ्या ऐकण्यात नव्हता. दुकानदारानं त्याला सांगून ठेवलं होतं की लागणारा जोड मागवावा लागेल, परवा या. त्या परवाच्या दिवशी मी, एक हवालदार आणि माल ओळखायला मास्तर, असे जीपनं नांदेडला गेलो. दुसऱ्याच्या हद्दीत गेलं की आधी तिथल्या ठाण्यात नोंद करावी लागते. ती केली. मास्तर वाटेत एवढंच बोलले, "मला पाच मिनिटं त्याच्यासमोर उभं करा. मग तुमचा कायदा चालवा." मी म्हणलं, बघू.

साध्या कपड्यांत मी दुकानातल्या बाकावर गिऱ्हाइकासारखा बसलो. मास्तर आणि हवालदार कोपऱ्यावर जीपमध्ये. म्हातारा आला. पांढरा पायजमा, डोक्यावर टोपी, हातात कापडी पिशवी. कपडे धुतलेले, पण इस्त्री नाही, सदऱ्याचं एक बटण दुसऱ्या रंगाच्या दोऱ्यानं लावलेलं. ह्याच्या घरातली बाई आजारी आहे हे मला तिथंच कळायला पाहिजे होतं. बटण दिसलं, पुढचं सुचलं नाही.

दुकानदारानं तळहातावर बसेल एवढा एक हिरवा जोड काढला आणि समजावू लागला. जुन्या कॉम्प्युटरात चपटी, रुंद, राखाडी पट्टी असते. नव्या डिस्कला बारीक वायर लागते. दोघांचं तोंड जुळत नाही. हा जोड मध्ये घालायचा, डिस्क इकडून, पट्टी तिकडून. लाईटची वायर वेगळी, तिच्यासाठी हा दुसरा तुकडा. म्हातारा प्रत्येक गोष्ट पाढा म्हणल्यासारखी परत म्हणून दाखवत होता. चुकला की टोपी सरकवायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. मी मध्ये पडलो नाही. माणूस शिकत असला तर शिकू द्यावा.

जाता जाता दुकानदारानं विचारलं, डिस्कमध्ये काही महत्त्वाचं आहे का. म्हातारा म्हणाला, हाय. मग जपा, दुकानदार म्हणाला. जुन्या कॉम्प्युटरला मोठी डिस्क ओळखू आली नाही तर तो इंग्रजीत विचारतो, ही कोरी करू का. तिथं चुकून होय दाबलं की सगळं गेलं. म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. म्हणाला, इंग्रजी तर मला येत न्हाई बाबा.

तो उठला तेव्हा मी खांद्यावर हात ठेवला. त्यानं माझ्या तोंडाकडं न बघता आधी बुटांकडं बघितलं.

"पोलीस का?"

"हाव."

"चला. पन लई येळ घेऊ नगा सायेब."

नांदेडच्या ठाण्यात एक खोली मिळाली. मी विचारलं, डिस्क कोणी घेतली. म्हणाला, म्या. कुठं आहे? हाय. मग द्या. "देतो की. दोन रोज थांबा. म्याच नेऊन देनार व्हतो मास्तरला." आरोपी नाकारतो, रडतो, दुसऱ्याचं नाव घेतो, हे सगळं बघितलेलं. मुदत मागणारा पहिलाच. कशाला घेतली विचारलं की गप. घर कुठं विचारलं की गप. हवालदारानं आवाज चढवून बघितला. मी गोडीनं बघितलं, नंतर मीही आवाज चढवला. कशाचाही उपयोग नाही. दुपार टळली तसं त्याला हॉटेलातून पिठलं-भाकरी मागवली. तिला हात लावला नाही. मधूनमधून एकच विचारायचा, सायेब, किती वाजले?

मी व्हरांड्यात येऊन घरी फोन लावला, संध्याकाळी वाट बघू नको सांगायला. माझी बायको माझ्यापेक्षाही कमी शिकलेली, पण तपासाचं तिला सगळं लागायचं. जेवणाच्या ताटावर मी बोलायचो आणि ती फोडणी देता देता ऐकायची. मी म्हणलं, असा असा म्हातारा आहे, बोलत नाही.

"खाल्लं का त्यानं?" तिनं विचारलं.

"भाकरी पुढं पडलीय. हात लावत नाही."

"का?"

"विचारलं नाही."

"मग दिसभर काय विचारून राहिले तुम्ही?"

तो सारखी वेळ विचारतोय हेही सांगितलं. ती म्हणाली, "भाकरीला हात लावंना आन् घड्याळ बघतोय म्हनल्यावर घरी कुनीतरी उपाशी हाय. त्याच्या हातानं खानारं." आणि तुमचं जेवण झालं का, एवढं विचारून फोन ठेवला.

मी आत गेलो. खुर्ची त्याच्या समोरून काढून शेजारी घेतली. म्हणलं, काका, घरी कोण उपाशी आहे?

तो इतका वेळ ताठ बसलेला माणूस एकदम खाली झाला. टोपी काढून मांडीवर ठेवली. "बायको," तो म्हणाला. "वारं गेलं तिच्या अंगावरनं. उजवी बाजू चालत न्हाई. शेजारीन बसती तिच्यापाशी, पन तिच्या हातानं खात न्हाई. तोंड मिटून घेती. माझ्याच हातानं खाती."

"मग चला," मी म्हणलं. "आधी त्यांना जेवू घालू. डिस्क नंतर."

दोन पंच बोलावले, त्यांच्यासमोर निवेदन घेतलं की लपवलेला माल मी काढून देतो. घर लोह्याला निघालं. दुकानदारालाही पेचकस घेऊन सोबत घेतलं. जीपमध्ये मास्तर आणि म्हातारा समोरासमोर बसले. मास्तरांना ती पाच मिनिटं आता सहज मिळत होती. पण जेवणाचं त्यांच्याही कानावर गेलं होतं. लोहा येईपर्यंत ते बाहेरच बघत राहिले.

दोन खोल्यांचं घर, पुढं पत्र्याचा सोपा. बाई आतल्या खोलीत बाजेवर. वय फार नव्हतं, पण आजारानं सुकून गेलेली. आम्हाला बघून तिनं डाव्या हातानं पदर डोक्यावर ओढला. म्हातारा कोणाशी न बोलता चुलीकडं गेला, मऊ भात दुधात कालवला आणि तिच्या उशाशी बसला. एक घास भरवायचा, बोटानं ओठ पुसायचे, गिळल्याची वाट बघायची, मग दुसरा. आम्ही पाच-सहा माणसं सोप्यात उभी. झडतीला गेल्यावर एवढा वेळ मी कुठंच थांबलो नव्हतो. कोणीही घाई केली नाही.

ताट ठेवून तो उठला आणि ज्वारीच्या डब्यातून एक गाठोडं काढलं. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात डिस्क. मग पायरीवर बसला आणि न विचारता बोलू लागला. मास्तर माझ्या मागंच उभे होते.

ही बाई मूळची मास्तरांच्याच गावची सून. भूकंपाच्या वेळी ती आजारी आईला बघायला माहेरी गेलेली. तीन-चार वर्षांची पोर होती. तिला गणपती बुडवताना बघायचा होता, म्हणून हट्टानं बापापाशी राहिली. बाप आणि पोर दोघंही घराखाली गेले. पुढं माहेरच्यांनी हिचा पाट लावला, विधवेचं दुसरं लग्न, ह्या म्हाताऱ्याशी. तो शाळेत शिपाई होता, त्याचीही पहिली बायको बाळंतपणात गेलेली. आमच्याकडं पाटाची बाई पहिल्या घरचं काही घेऊन येत नाही. कुंकू नवं, मंगळसूत्र नवं. पहिल्याचं नाव नव्या घरात निघत नाही. तिनंही कधी काढलं नाही. ह्यांना एक मुलगा झाला, शिकला, पुण्याला कॉम्प्युटरच्याच कंपनीत लागला.

आता अंगावरनं वारं गेल्यापासून ती रोज एकच बोलायची.

"पोरीचं तोंड इसरले म्हनती, सायेब," तो म्हणाला. "आवाज ध्यानात हाय, झगा ध्यानात हाय, तोंडच येईना म्हनती. डोळे मिटून दिसदिसभर हुडकून राहिली. माझ्याच्यानं बघवंना."

तिच्या माहेरच्या कोणीतरी सांगितलं की मास्तरांना एका लग्नातला फोटो सापडलाय, त्यात ती पोर आहे. हा मागायला गेला. मास्तरांच्या घरात माणसं भरलेली, आणि टेबलाशीच पहिल्या नवऱ्याचा भाऊ बसलेला. पाट लागल्यापासून त्या घरानं हिचं तोंड बघितलं नव्हतं. ह्याची जीभ उचलली नाही. डिस्क टेबलावर होती. ह्याला वाटलं, कॅसेट कशी, कोणत्याही टेपात घातली की वाजते, तशीच ही. पोरानं शिकताना घेतलेला कॉम्प्युटर घरी झाकून ठेवलेला. त्याच्यात लावावी, तिला दाखवावी, आणि आणून ठेवावी. घरी येऊन बघतो तर तोंडच बसेना.

मी म्हणलं, पोरगा कॉम्प्युटरातला आहे, त्याला फोन करून विचारायचं.

"त्याला म्हाईत न्हाई, सायेब," तो हळू म्हणाला. "त्याला एक बहीन व्हती हे त्याला म्हाईत न्हाई."

मास्तर तेव्हा पुढं आले. ती पाच मिनिटं आता सुरू होणार असं मला वाटलं. पण आवाज वर्गातला राहिला नव्हता. म्हणाले, "अहो, मला बाजूला घेऊन मागितला असता तर मी दिला नसता का?"

"दिला असता मास्तर. पन कुनाच्या नावानं?"

मास्तर पायरीवर त्याच्या शेजारी बसले.

इकडं हवालदारानं मेणबत्ती पेटवून लाख वितळवायला घेतली होती. माल मिळाला की कापडात बांधायचा, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी लावायची, वर लाखेचं सील. एकदा सील लागलं की कोर्टाच्या हुकुमाशिवाय कोणी हात लावू शकत नाही. कोर्टाच्या तारखा आणि त्या बाजेवरच्या बाईचे दिवस, दोन्हीचा अंदाज मला होता. मी म्हणलं, मेणबत्ती विझव.

हवालदार म्हणाला, साहेब, पंचनामा?

मी म्हणलं, फिर्यादीत काय लिहिलंय? एक हार्डडिस्क. नंबर नाही, खूण नाही. अशा डिस्का बाजारात पोत्यानं मिळतात. ही तीच हे कशावरून? फिर्यादीनं आतलं बघून सांगितलं पाहिजे, तेही पंचांसमोर. कायद्यानंच बोलत होतो. हवालदारानं माझ्याकडं बघितलं, आतल्या खोलीकडं बघितलं, आणि मेणबत्ती फुंकली.

कॉम्प्युटर आतल्या खोलीतच कोपऱ्यात होता. मागून फुगलेला मोठा पडदा, वर बाईनं कधीकाळी शिवलेलं झालर लावलेलं कापड. दुकानदारानं डबा उघडला, आतली धूळ फुंकली. जुनी सीडीची पेटी होती, तिची चपटी पट्टी काढून ती त्या हिरव्या जोडाला लावली. जोड डिस्कला. लाईटचा तुकडा लावला. पायऱ्या सगळ्या म्हाताऱ्यानं दुकानात घोकलेल्याच. प्रत्येक पायरीला तो ओठ हलवत होता. कॉम्प्युटर सुरू केला तर नुसती पांढरी अक्षरं आणि पुढं काही नाही. दुकानदारानं बंद केला, एक वायर काढून परत दाबून बसवली, पुन्हा चालू केला, काळ्या पडद्यावर काहीतरी बदललं. मास्तर माझा दंड धरून उभे होते. त्यांना ते कोरी करू का विचारण्याचं कळल्यापासून त्यांचा घाम थांबत नव्हता. हा माणूस एकटा बसला असता आणि इंग्रजी न कळून बोट दाबलं असतं, तर गाव दुसऱ्यांदा गेलं असतं.

डिस्क दिसली. मास्तरांनी खुर्ची ओढली, चष्मा पुसला आणि दोन-तीन फोटो उघडून बघितले. मग पंचांकडं वळून म्हणाले, माझीच आहे. पंचनाम्यापुरतं काम तिथं संपलं होतं. उठलं मात्र कोणी नाही.

बाजेवरून बाईला पडदा दिसत नव्हता. पडदा तिकडं न्यायचा तर वायर पुरेना. मग बाजच उचलायची ठरली. एका पायाला म्हातारा, एका पायाला मास्तर, एका पायाला दुकानदार, एका पायाला मी. आरोपी, फिर्यादी आणि तपास अधिकारी एक बाज धरून चालले, हे पंचनाम्यात मांडता येत नाही. मी ते मांडलंही नाही.

मास्तरांनी फोटो घराप्रमाणं लावलेले होते. त्यांनी मान न वळवता विचारलं, "कोणतं घर?"

बाई बोलेना. बोलायचं म्हणलं तर तिला जमत होतं, जड जिभेनं का होईना. पण पहिल्या नवऱ्याचं नाव, ते ह्या घरात, ह्या नवऱ्यासमोर. तिनं पदराचं टोक डाव्या हातात घट्ट धरलं आणि डोळे मिटले.

मग म्हाताऱ्यानं नाव घेतलं. तिच्या पहिल्या नवऱ्याचं, बापाच्या नावासकट, आडनावासकट, स्वच्छ. घरच्या माणसाचं घ्यावं तसं.

मास्तरांचा हात थोडा थांबला, मग चालला. फोटो उघडला. कोणाच्या तरी लग्नाचा घोळका. मांडवाच्या खांबाशी एक तरणा माणूस, पटका बांधलेला. त्याच्या शेजारी ही बाई, तेव्हाची. आणि त्याच्या कडेवर झगा घातलेली लहान पोर. मास्तरांनी मोठा केला. झगा दिसला, हातातल्या बांगड्या दिसल्या. तोंडाच्या जागी नुसता एक पांढरा फराटा. फोटो घेताना पोर हालली होती.

मास्तरांना हे माहीत असणार. त्यांनी खाली बघून सांगितलं, "ताई, हालला आहे फोटो. दुसरा मिळाला नाही. मी लई हुडकला."

म्हाताऱ्याकडं माझ्याच्यानं बघवेना. एवढं सगळं त्यानं त्या फराट्यासाठी केलं होतं.

बाई पडद्याकडं बघत होती. मग तोंडाची जी बाजू चालत होती ती हसली.

"म्या म्हनलं व्हतं," ती म्हणाली. एक एक शब्द ओढून आणत होती. "म्हनलं, हालू नगं गं. फोटूवाला रागवंल. बँड वाजला... तिकडं बघितली. आईकायचीच न्हाई."

मग डोळे मिटून म्हणाली, "आलं. तोंड आलं ध्यानात. हितं तीळ व्हता." आणि डाव्या हातानं, आपल्या नाही, नवऱ्याच्या गालावर ती जागा दाखवली.

डिस्कला सील लागलं ते अंधार पडता पडता. सगळं रीतसर केलं. म्हाताऱ्याला अटक दाखवली, जामीनही लगेच झाला. साहेबांनी मला विचारलं, ओळख पटवायला इतका वेळ लागला? मी म्हणलं, मशीन जुनी होती साहेब. मास्तरांनी कार्यक्रमाचा दिवस दाखवून कोर्टात तातडीचा अर्ज केला, मागाल तेव्हा हजर करीन असं लिहून देऊन डिस्क सुपुर्दनाम्यावर परत घेतली आणि गावचा कार्यक्रम ठरल्या दिवशी झाला. त्या घराचा फोटो पहिल्या नवऱ्याच्या भावाला मिळाला. दुसरी प्रत मास्तर स्वतः बसनं लोह्याला देऊन आले. पुढं कोर्टाच्या परवानगीनं तडजोड झाली. त्या दिवशी म्हाताऱ्यासोबत त्याचा पुण्याचा मुलगा आला होता. बाई तोवर गेलेली होती, आणि बहिणीचं बापानं त्याला सांगितलं होतं. मुलानं मला विचारलं, साहेब, फोटोत तोंड कळत नाही, पण आई तुमच्यासमोर बोलली ना, ती माझ्यासारखी दिसायची का? मी म्हणलं, ते मला सांगता येणार नाही, पण आईचं ऐकत नव्हती एवढं नक्की. तो हसला आणि तोंड फिरवून उभा राहिला.

ह्या गुन्ह्यानं मला काय शिकवलं ते मी नोकरीत असताना सांगायचो, की आरोपीला आधी घरी कोण आहे ते विचारा. नव्या पोरांना ते पटायचंही. पण ते माझ्या बायकोचं शिकवणं होतं. गुन्ह्याचं शिकवणं मला उशिरा कळलं, ती गेल्यावर.

तिचे फोटो भरपूर आहेत. भिंतीवर आहे तो स्टुडिओतला. ताठ बसलेली, पदर नीट, तोंड मिटलेलं. हार घालताना मी बघतो तर ती कोणी दुसरीच बाई दिसते. माझी बायको कधी तोंड मिटून बसलेली मी बघितली नाही. परवा माझा मुलगा मोबाईलमधली जागा रिकामी करत बसला होता. आईचे खराब आलेले फोटो काढून टाकतो म्हणाला. मी म्हणलं, दाखव. एकात ती हात हलवत कोणाला तरी दटावत होती, हाताचा नुसता धूर झालेला. एकात मान फिरवलेली. एकात माझ्याच अंगावर ओरडत होती, अन् तोंड सगळं फराटलेलं. तिथं मला ऐकू आलं, का ओरडत होती ते. मीठ विसरून आलो होतो बाजारातून.

मी पोराला म्हणलं, चांगले आलेले काय काढून टाकायचे ते टाक. हाललेले ठेव.